शून्याचा घोडा

मी बत्तीस वर्षं मुलींच्या शाळेत अंकगणित शिकवलं. एवढ्या वर्षांत फळ्यावर चुकलो नाही असं नाही. पण माझ्या हातून झालेला सगळ्यात मोठा गणिती गाढवपणा घडला तो एका लाकडी घोड्याच्या बाबतीत, बसवनगुडीच्या शेंगांच्या जत्रेत, शे-दोनशे माणसांच्या देखत. ही गोष्ट मी आपण होऊन कुणाला सांगत नाही. पण विठोजीअण्णांबद्दल बोलायचं तर ती टाळता येत नाही.

पंचावन्न साली मी निपाणीहून बेंगळूरला नोकरीला आलो आणि गवीपुरमात अण्णांच्या घरी एक खोली घेतली. अण्णांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं विसरले. घरात सगळे मराठी बोलत, पण दर चौथा शब्द कानडी. सुरुवातीला मला हसू येई. दोन वर्षांनी मीच भाजीवर ‘स्वल्प मीठ घाला’ म्हणू लागलो, तेव्हा हसू बंद झालं.

अण्णा एका मोठ्या कारखान्यात मिलिंग मशीनवर कामाला होते. शिक्षण चौथीपर्यंत. पण त्यांची खरी दौलत होती घोड्यांचा पाळणा. मध्ये एक जाड खांब, त्याला सोळा आडवे हात, आणि प्रत्येक हाताच्या टोकाला एक आंब्याच्या लाकडाचा घोडा. सगळे घोडे अण्णांच्या वडिलांनी स्वतः कोरलेले. मोटर नाही, बिटर नाही. अण्णा खांबापाशी उभे राहून छातीनं रेटत आणि पाळणा फिरे. वर्षातून एकदा, कार्तिकातल्या जत्रेत, देवळाच्या उतारावरच्या चिंचेखाली तो उभा राहायचा. उरलेलं वर्ष घोडे घरात असायचे. दोन स्वयंपाकघरात, पाच पडवीत, सात माजघरात, एक न्हाणीच्या दाराशी. त्याला बघून नवा पाहुणा हमखास दचकायचा. एक माझ्या खोलीत होता. त्याचा एक कान तुटलेला होता आणि उरलेल्या कानाला मी माझा सदरा अडकवत असे.

अण्णांच्या बायकोला, सकवारअक्कांना, या घोड्यांचा मनस्वी राग होता. नऊवारी खोचून, केरसुणी हातात घेऊन त्या घरभर फिरत आणि जो घोडा आडवा येईल त्याला एक फटका देत.

“सोळा घोडे आणि एक नवरा,” त्या म्हणत. “सतरा जनावरं सांभाळते मी. मास्तर, तुम्ही भाडेकरू म्हणून वाचलात.”

त्यांचंही चूक नव्हतं. तीन वर्षांपासून होसकोट्याचे हंबीरराव जत्रेत विजेवर चालणारा आकाशपाळणा आणू लागले होते. त्याला दिवे होते, भोंगा होता आणि वर गेलं की पोटात गोळा येत होता. अण्णांच्या पाळण्यावर मग कोण बसतो? मागच्या वर्षी तर चिंचेखाली अण्णा आणि त्यांचे सोळा घोडे एकमेकांकडे बघत बसले होते. हंबीररावांना ती चिंचेखालची जागा हवी होती, आणि घोडेही हवे होते; कापून आपल्या आकाशपाळण्याची सोळा बाकं करणार होते. एकसष्ट साली अक्कांनी शेवटचं सांगून टाकलं: या जत्रेत पाळणा रिकामा फिरला तर सोमवारी संध्याकाळी घोडे हंबीररावांचे. अण्णांनी मान डोलावली. मग न्हाणीच्या दाराशी जाऊन त्यांनी त्या घोड्याच्या मानेवरून हात फिरवला. घोडे गेले तर हा माणूस आतून रिकामा होईल हे मला दिसत होतं, आणि मला काही करता येत नव्हतं.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. पहिली पाळी संपवून अण्णा घरी आले ते सायकल अंगणात टाकूनच. स्टँड लावायचंही भान नाही.

“मास्तर! एकाला सतरानं भागा!”

“चहा घेतो आणि भागतो.”

“आत्ता भागा हो!”

त्यांना सतरा दातांचं चक्र कापायचं होतं. त्यासाठी लागणारी तयार तबकडी कुणीतरी तोडून ठेवलेली. तेव्हा अण्णांनी जॉब कार्डाच्या पाठीवर स्वतःच हिशेब मांडला, एक दात म्हणजे फेरीचा सतरावा भाग, आणि भागत गेले. भागाकार संपेचना. मी खडू घेऊन फरशीवर बसलो. शून्य पूर्णांक, आणि पुढे 0 5 8 8 2 3 5 2 9 4 1 1 7 6 4 7. त्यापुढे पुन्हा 0 5 8 8. फेरी पुन्हा पहिल्यापासून.

“किती आकडे झाले?” अण्णांनी विचारलं.

“सोळा.”

“आणि माझे घोडे किती?”

मी पडवीतल्या घोड्यांकडे मान वळवली.

“थांबा, अजून पुढं आहे,” ते म्हणाले. “ते सोळा आकडे सलग एक संख्या म्हणून लिहा. आता तिची दुप्पट करा.”

लिहिली: 0588235294117647. एकं, दहं, शतं करत वर चढलात तर पाच जलधीच्या घरात जाते. आपल्या बाजारहाटात एवढ्या वर कुणी फिरकत नाही. दुप्पट केली. आली 1176470588235294. मला आधी काहीच दिसलं नाही. अण्णा माझ्याभोवती फेऱ्या मारत होते. मग दिसलं. तेच आकडे, त्याच क्रमानं! फक्त सुरुवात पहिल्या घराऐवजी अकराव्या घरापासून. तिप्पट केली: 1764705882352941. पुन्हा तेच, बाराव्या घरापासून. चौपट, पाचपट, सातपट… सोळा पटीपर्यंत तोच गोल, फक्त दार वेगळं. खडू संपला, मी कोळशानं भिंतीवर लिहू लागलो. सतरा पटीला सगळेच्या सगळे नऊ आले, सोळा नऊ ओळीनं, आणि मी खरंच सांगतो, उठून न्हाणीच्या दारातल्या घोड्याला मिठी मारली.

“दोघांनाही पित्त झालंय,” अक्का स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “कोकम देते.”

हे असं का होतं ते अण्णांनीच मला समजावलं. चौथी पास माणसानं, ट्रेनिंग झालेल्या मास्तराला. सतरानं भागताना बाकी उरते एक ते सोळापैकी. या भागाकारात प्रत्येक बाकी एकदाच येऊन जाते, म्हणून फेरी सोळाची. दुप्पट करायची म्हणजे जिथं दोन बाकी उरते तिथून फेरीत शिरायचं. सातपट म्हणजे जिथं सात उरते तिथून. फेरी तीच. “पाळण्यासारखं,” अण्णा म्हणाले. “पोरगं कुठल्याही घोड्यावर बसलं तरी फिरतो पाळणा तोच.” आणि मग त्यांना आणखी एक दिसलं, जे मला कागदावर जन्मात दिसलं नसतं. गोलात समोरासमोर येणारे आकडे मिळवले की दर वेळी नऊ. पाचासमोर चार, आठासमोर एक, दोनासमोर सात, तिनासमोर सहा. शून्यासमोर नऊ.

त्या रविवारी आम्ही घोड्यांच्या कपाळावर आकडे रंगवले. शून्य आलं माझ्या खोलीतल्या एककान्याच्या वाट्याला.

जत्रा तशी सोमवारची, पण शनिवारपासूनच रस्त्याच्या दोन्ही कडांना शेंगांचे ढीग लागतात आणि सगळ्या बसवनगुडीला भाजक्या टरफलाचा वास येतो. चिंचेखाली पाळणा उभा राहिला. मी शाळेतला जुना फळा आणून त्यावर ती संख्या लिहिली. अण्णांनी एक माप भरायचं पत्र्याचं नळकांडं तोंडाला लावलं आणि कानडीत ओरडले, की एक ते सोळापैकी कोणताही आकडा सांगा, मास्तर फळ्यावर गुणाकार करतील आणि माझे घोडे त्यांच्याआधी उत्तर सांगतील!

एका कॉलेजातल्या पोरानं टिंगल म्हणून “सात” सांगितलं. मी गुणायला लागलो. अण्णांनी पाळणा रेटून चाराचा घोडा पोरं जिथून चढतात त्या फाटकाशी आणला, मग सावकाश फिरवत गेले. फाटकाशी येणारं प्रत्येक मूल आपल्या घोड्याचा आकडा ओरडायचं. नाल्कु! ओंदु! ओंदु! एळु! आरु! म्हणजे चार, एक, एक, सात, सहा. सोळा पोरं ओरडून मोकळी झाली तेव्हा मी अजून हातचे धरत होतो. मग फळ्यावर उत्तर आलं, 4117647058823529, आणि लोकांनी एकेक आकडा ताडून बघितला. मग जी टाळी पडली! तेरा सांगा, नऊ सांगा, सोळा सांगा. आकाशपाळण्याखालची रांग वितळून आमच्याकडे आली. अण्णा रेटत होते, घामानं भिजले होते, हसत होते. मी एवढा खूश होतो की गुणाकार करताना गात होतो, आणि मला गाता येत नाही.

रविवारी दुपारी एक बाई आपल्या मुलीला शून्याच्या घोड्यावरून खेचून उतरवू लागली.

“शून्यावर बसवता पोरीला? पुढच्या महिन्यात परीक्षा आहे तिची!”

बस्स. पुढची मुलगी आईकडे बघून मागं सरली. तिच्या मागची रडायला लागली. अर्ध्या तासात सगळ्या जत्रेला कळलं की चिंचेखालच्या पाळण्यावर बसलं की परीक्षेत शून्य मिळतं. नवाच्या घोड्यासाठी मारामारी आणि शून्याचा रिकामा. पाळणाही एका अंगाला झुकून फिरायला लागला. संध्याकाळी सोळापैकी चार घोड्यांवर पोरं होती. हंबीरराव समोर उभे राहून शेंगा फोडत होते. स्वभावानं वाईट नव्हता तो माणूस, पण शेंगा फार समाधानानं फोडत होता.

आणि इथं मी तोंड उघडलं.

“अण्णा, एवढं काय त्यात? शून्याचा घोडा काढून टाका. आकड्याच्या आधी लिहिलेल्या शून्याला किंमत नसते. हजार मुलींच्या वह्यांत मी ते खोडलंय.”

अण्णांनी पाळण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“मास्तर, बघा हं. सोळाचे पंधरा होतील.”

“संख्या तीच राहते. कुणालाही विचारा.”

“सरी, तसं करू,” ते म्हणाले. “तुम्ही शिकलेले.”

सोमवारी सकाळी त्यांनी पान्यानं बोल्ट सोडवून एककान्याला चिंचेच्या बुंध्याशी उभा केला. पाळण्यात एक फट राहिली. आईबापांचा धीर चेपला, पोरं पुन्हा चढली. पंधराही घोडे भरले. सोमवारची खरी गर्दी, माणसाला माणूस लागलेलं. मी फळा पुसला, छाती फुगवली. एका पागोटेवाल्या म्हाताऱ्या गृहस्थानं आकडा दिला: “दोन.”

सोप्यातला सोपा. मी भराभर लिहीत गेलो. इकडे पोरं ओरडू लागली. ओंदु! ओंदु! एळु! आरु! नाल्कु! एळु! मग फाटकासमोरून फट गेली. कुणी ओरडलं नाही. आणि पुढचं पोर ओरडलं: ऐदु!

ऐदु म्हणजे पाच, आणि माझ्या फळ्यावर सातानंतर शून्य होतं.

खडू हातातच राहिला. ते शून्य डोक्यावर असतं फक्त एकदा, एकानं गुणलं तर. बाकी पंधरा वेळा ते पोटात, नाहीतर शेपटाला असतं, आणि पोटातलं शून्य काढलं तर सगळंच कोसळतं. हे मला कळायला हवं होतं. शनिवारपासून मी स्वतःच्या हातानं ते शून्य उत्तराच्या मध्ये लिहीत होतो!

“चुकलं!” म्हातारे गृहस्थ म्हणाले. गर्दीनं एकच हुर्यो केली. कुणीतरी शेंगेची टरफलं फेकली. पोरं घोड्यांवरून उतरायला लागली. मला वाटलं, फळ्यामागं लपावं आणि तिथूनच निपाणीला जावं.

अण्णा माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत. पाना घेऊन पळत चिंचेकडे गेले, एककान्याला खांद्यावर उचलला, आणि त्या हुर्योत गुडघ्यावर बसून बोल्ट आवळू लागले. मग उभे राहून म्हणाले, “बसा. कुणीतरी बसा याच्यावर. फाटकाशी आला की सोन्ने म्हणायचं, एवढंच.” सोन्ने म्हणजे कानडीत शून्य.

कुणी पुढं येईना. आया पोरांचे दंड धरून उभ्या. अण्णांना खांब सोडता येत नव्हता, मला फळा. हंबीररावांनी शेंगांचा कागद चुरगाळून खिशात घातला आणि पुढं आले. संध्याकाळपर्यंत थांबायची गरज त्यांना वाटली नसावी.

तेवढ्यात मागून आवाज आला. “स्वल्प सरका. सरका म्हटलं ना!”

सकवारअक्का. हातात अण्णांच्या जेवणाचा डबा. त्यांनी डबा माझ्या हातात कोंबला, पाळण्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. अण्णांच्या केसांत शेंगांची टरफलं अडकली होती. ती त्यांनी एकेक करून काढली. मग कासोटा घट्ट केला आणि टांग टाकून शून्याच्या घोड्यावर बसल्या.

“अगं,” अण्णा म्हणाले, “लोक काय म्हणतात ते ऐकलंस ना?”

“मी शाळेची पायरी चढले नाही जन्मात,” अक्का साऱ्या जत्रेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “मला कोण नापास करतंय ते बघू!”

कुणीतरी हसलं. मग सगळे हसले, पण हे हसणं वेगळं होतं. पोरं परत चढली. अण्णांनी छाती लावली. ओंदु! ओंदु! एळु! आरु! नाल्कु! एळु! आणि मग, भोंग्याला लाजवील असा आवाज: “सोन्नेऽऽ!” ऐदु! एंटु! एंटु! एकेक आकडा फळ्याशी जुळला. पागोटेवाले गृहस्थ काठी आपटून दाद देऊ लागले.

हंबीररावांना मात्र ते सोसलं नाही. “सोळापर्यंतच का?” ते ओरडले. “सतरा सांगतो मी. सतरा!”

सतरा पटीला सोळा नऊ येतात हे मला आणि अण्णांना माहीत होतं, पण पाळण्यावर नवाचा घोडा एकच. मी अण्णांकडे बघितलं. आणि अण्णांचा चेहरा असा फुलला, असा फुलला, की मी तो आजही विसरलेलो नाही.

“पोरांनो!” ते म्हणाले. “फाटकाशी आलेल्यानं आपला आकडा आणि अगदी समोरच्या घोड्याचा आकडा मिळवून सांगायचा. चला!”

आठ आणि एक: ओंबत्तु! दोन आणि सात: ओंबत्तु! तीन आणि सहा: ओंबत्तु! ओंबत्तु म्हणजे नऊ हे सांगायला नकोच. पोरांना चार घोड्यांतच मेख कळली आणि मिळवायचं सोडून ती नुसती किंचाळू लागली. गर्दीही ओरडू लागली. नवाचा घोडा फाटकाशी आला, त्यावर एक गुबगुबीत मुलगी होती. तिनं समोर अक्कांकडे बघितलं, अक्कांनी दोन्ही हात पसरून माझ्याकडे काही नाही अशी खूण केली, आणि दोघी एकदम ओरडल्या, “ओंबत्तु!” सोळा वेळा. मी फळ्यावर लिहीत होतो, नऊ, नऊ, नऊ, नऊ, आणि अक्षर दिसत नव्हतं, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं. सांगायला मला लाज वाटत नाही.

त्यानंतरची गंमत तर कुणाच्याच ध्यानीमनी नव्हती. एक आजी काठी टेकत पुढं आल्या आणि म्हणाल्या, “मीपण शाळेत गेले नाही. मला बसवा सोन्नेवर.” त्यांच्यामागं शेंगावाली यल्लव्वा. तिच्यामागं आणखी सात-आठ जणी, पदर खोचून, एकमेकींना ढकलत, पोरींसारख्या खिदळत. इतर घोड्यांना रांग होतीच, पण सगळ्यात लांब रांग लागली ती एककान्याला. अक्का मात्र उतरायला तयार नव्हत्या. “आणखी एक फेरी,” म्हणत होत्या.

ऊन उतरता उतरता हंबीरराव त्यांच्यापाशी आले.

“अक्का, सोमवार संध्याकाळ झाली. घोड्यांचं काय ठरलं?”

अक्कांनी लगाम नसलेल्या घोड्याचा लगाम आवळला.

“पंधरा न्या की तुम्ही,” त्या म्हणाल्या. “हा माझा.”

हंबीररावांनी डोकं खाजवलं. पंधरा घोड्यांचं काय होतं ते त्यांनी दुपारीच बघितलं होतं.

“पंधरा घेऊन मी काय करू?”

“तेच म्हणते मी.”

ते हसले. खिशातल्या शेंगा काढून त्यांनी अक्कांच्या ओच्यात टाकल्या आणि आपल्या दिव्यांकडे निघून गेले. अण्णा खांबाला टेकून नुसते बघत उभे होते. डबा अजून माझ्याच हातात होता, आणि त्यातला भात गार झाला होता.

मंगळवारी घोडे हातगाडीवरून घरी आले. अक्कांनी सगळ्यांना ओल्या फडक्यानं पुसलं, आणि केरसुणी कोपऱ्यात ठेवून दिली. एककान्याला मी स्वतः उचलून माझ्या खोलीत त्याच्या जागी उभा केला. मग शाळेतून आल्यावर सवयीनं सदरा काढला आणि हात त्याच्या कानाकडे गेला. तिथंच थांबलो. बाजारातून एक खुंटी आणली, भिंतीत ठोकली, आणि सदरा तिला अडकवला.